चार लाखांत जुनी गाडी: रोजचं हिंजवडी आणि अधूनमधून एक्सप्रेसवे, काय घ्यावं?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. घरात पहिलीच चारचाकी येतेय. बजेट सगळं धरून चार लाख, म्हणजे ट्रान्स्फर, इन्शुरन्स आणि गाडी आल्याआल्या निघणारी किरकोळ कामं त्यातच. फार ताणलं तर सव्वाचार.

वापर असा: आठवड्यातले तीन दिवस सिंहगड रोड ते हिंजवडी. वाकडच्या पुढे क्लचवरचा पाय निघत नाही हे इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. महिन्यातून एकदोनदा आईबाबांकडे डोंबिवलीला, एक्सप्रेसवेने. सुट्ट्यांत सातारा, सासुरवाडी. आम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी, आणि कधीकधी मागे आईबाबा. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार खाली बसावं लागेल अशी गाडी नको.

डोक्यात वॅगन आर, स्विफ्ट, ग्रँड आय१० आणि टियागो आहेत. बायकोला पोलो आवडते. पेट्रोल, मॅन्युअल. शहरात हलकी आणि एक्सप्रेसवेवर ठाम अशी गाडी या पैशांत मिळते का? की दोन्हीपैकी एक सोडावंच लागतं?

टवाळ
मिळते. फक्त ती कायम दुसऱ्याने कालच घेतलेली असते.

चहाबाज
डोळे झाकून वॅगन आर. २०१९ च्या जानेवारीत आलेलं नवं मॉडेल बघा, जुना डबा नको. बाबांना वाकावं लागत नाही, सीटची उंची अशी की नुसतं सरकून बसायचं. पार्किंगला सोपी, पार्ट गल्लीबोळात मिळतात, विकायला काढली तर आठवड्यात जाते. आमच्या सोसायटीत निम्म्या वॅगन आर आहेत, कोणी रडत नाही.

घाटमाथा
चहाबाज, शहरापुरतं सगळं मान्य. पण खालापूरच्या पुढे सपाटीवर शंभरने जाताना शेजारून व्होल्वो गेली की गाडी कशी हलते तेही सांगा ना. १६७५ मिलिमीटर उंची आणि साडेआठशे किलोच्या आतबाहेर वजन. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं. मी चालवते म्हणून सांगतेय.

घ्यायचीच तर १.० लिटर इंजिनाची नको, १.२ वाली बघा. त्यात स्विफ्टचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. चार माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू ठेवून बोरघाट चढताना फरक कळतो. १.० ला दुसऱ्या गिअरवर यावं लागतं आणि मागून ट्रेलरवाला हॉर्न वाजवत राहतो.

आकडेमोड
सुरक्षेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचण्यांत टियागोला २०२० मध्ये पाचपैकी चार तारे मिळाले. २०१८ च्या स्विफ्टला दोन, २०१९ च्या वॅगन आरला दोन, ग्रँड आय१० च्या नव्या पिढीला, म्हणजे निऑसला दोन. भारतात बनलेल्या पोलोला दोन एअरबॅग दिल्यानंतर २०१४ मध्ये चार. तुमच्या यादीत एक्सप्रेसवेसाठी म्हणून निवडायची तर टियागो किंवा पोलो, चर्चा संपली.

चहाबाज
ती चाचणी ६४ च्या वेगाला होते. एक्सप्रेसवेवर शंभरला ट्रकच्या मागे घुसलात तर तारे मोजायला शिल्लक कोण राहणार? नीट चालवा, अंतर ठेवा, हीच सुरक्षा.

आकडेमोड
म्हणजे ६४ ला टिकत नाही ती शंभरला टिकेल असं म्हणायचंय का? आणि नीट तुम्ही चालवाल हो, उजव्या लेनमध्ये साठने रांगणाऱ्या टेम्पोचं काय?

टवाळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मारुती विरुद्ध टाटा हा सामना कधी निकाली निघालेला नाही.

गॅरेजवाला
तारे-बिरे ठीक आहे, मी रोज या गाड्या खोलतो म्हणून दुसरं सांगतो. जुन्या बाजारात आधी साल आणि व्हेरिएंट बघायचा, मॉडेलचं नाव नंतर.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची घंटा आणि वेगाची घंटा सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग मात्र २०२१ च्या शेवटापासून. म्हणजे एखाद्या मॉडेलची २०१८ ची खालच्या व्हेरिएंटची गाडी आणि २०२० ची गाडी बाहेरून सारख्याच दिसू शकतात, आतून असतीलच असं नाही. वरच्या व्हेरिएंटला दोन्ही एअरबॅग आधीपासून असायच्या. लोक अलॉय व्हील बघून गाडी घेतात, मी सांगतो एअरबॅग बघून घ्या. घरात लहान मुलगी आहे म्हणता, मग मागे आयसोफिक्सचे (लहान मुलांची सीट अडकवायचे) हूक आहेत का तेही सीटच्या फटीत हात घालून बघा.

पोलोबद्दल: चाकणला बनलेली गाडी, दणकट, एक्सप्रेसवेवर मजा येते. पण चार लाखांत तुम्हाला जी मिळेल ती बहुतेक जुनी १.२ तीन सिलिंडरवाली, ७५ पीएस आणि टनभर वजन. हिंजवडीच्या गर्दीत ती सुस्त वाटते. २०२० ची टर्बो या पैशांत चांगल्या अवस्थेत मिळाली तर आधी संशय घ्या. पार्टही मारुतीच्या भावात मिळत नाहीत.

पोलोप्रेमी
गॅरेजवाला साहेब, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. पण तिचं दार लावल्यावर जो आवाज येतो ना, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. वहिनींना सांगा, आवड योग्य आहे.

नानासाहेब_६५
मी १९९० च्या सुमारास मारुती ८०० मधून पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन जुन्या घाटाने पुण्याला येत असे. तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता, एअरबॅग नव्हती, एसी तर नव्हताच. अमृतांजन पुलाजवळ गाडी थांबवून रेडिएटरला पाणी पाजायचं आणि आपण वडे खायचे. काही होत नव्हतं.

घाटमाथा
नाना, ज्यांचं झालं ते धाग्यावर लिहायला आलेले नाहीत.

नानासाहेब_६५
हे मात्र खरं. तरी वडे चांगले होते.

नवीनच_घ्या
हा सगळा खटाटोप कशासाठी? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. बाराशे सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन आणि चार मीटरच्या आतली लांबी, म्हणजे तुमची सगळी यादी त्यात बसते. अल्टो के१० ची सुरुवात आता चार लाखांच्या आत आहे आणि तिलाही सहा एअरबॅग आल्यात. वॉरंटी कोरी, आधीचा मालक नाही, डोक्याला ताप नाही. नव्या गाडीच्या कर्जाचा दरही जुन्या गाडीच्या कर्जापेक्षा कमी असतो.

आकडेमोड
एक्स-शोरूम चारच्या आत. त्यावर आपल्याकडे पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, मग इन्शुरन्स, मग शोरूमवाल्याची 'ॲक्सेसरीज'. सगळ्यात खालचं मॉडेलसुद्धा सव्वाचार ओलांडतं. आणि त्यात मागे आजी-आजोबा आणि नात बसवून डोंबिवली? बाबांच्या गुडघ्यांना विचारा.

पण जीएसटीचा मुद्दा दुसऱ्या बाजूने कामाचा आहे. नवीन स्वस्त झाली की जुनीचा भाव जुना राहत नाही. कोणी 'मी साडेसहाला घेतली होती' असं म्हणून भाव सांगत असेल तर त्याला तीच गाडी आज नवीन कितीला पडते ते दाखवा.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार, बरंच शिकायला मिळतंय. कर्ज काढायचं नाही, त्यामुळे नवीन बाद. एक शंका: काल एका डीलरकडे दिल्ली पासिंगची स्विफ्ट बघितली, २०१७ ची, पुण्याच्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त. तो म्हणाला ट्रान्स्फरचं सगळं 'आम्ही करून देतो'. घ्यावी का?

कागदपत्रे
थांबा! दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर कोर्टाने बंदी घातली होती, म्हणून तिकडच्या गाड्या जसजशा जुन्या होतात तसतशा स्वस्तात बाहेर पडू लागल्या. पण ती इकडे आणायची म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), मग इथे पुन्हा रोड टॅक्स, मग नवीन नंबर. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी फेऱ्या तुम्हीच मारायच्या. हे सगळं धरलं की स्वस्ताई जवळजवळ संपते. 'आम्ही करून देतो' हे कागदावर लिहून मागा, चेहरा बघा.

आपल्या राज्यातलीच गाडी असेल तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. एमएच-११ किंवा एमएच-०९ गाडी पुण्यात आणली तर आरटीओ बदलतं, एवढंच, टॅक्स पुन्हा नाही. एम-परिवहन ॲपवर नंबर टाका: कितवा मालक, कर्जाचा बोजा, इन्शुरन्स, पीयूसी सगळं दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. एक्सप्रेसवेवर कॅमेरे बसल्यापासून लोकांच्या नावावर किती दंड साचलेत ते त्यांनाच माहीत नसतं, आणि ते गाडीबरोबर तुमच्याकडे येतात.

वसुली_भाई
इन्शुरन्सचं अजून एक. विकणारा म्हणेल 'पन्नास टक्के एनसीबी आहे, तुमचा हप्ता कमी बसेल'. तसं नसतं. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो त्याच्या पुढच्या गाडीवर घेऊन जाणार. तुम्ही पॉलिसी १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. नाही केली आणि गाडी ठोकली तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आणि जुना फास्टॅग त्याला बंद करायला लावा, नाहीतर तुम्ही टोलनाक्यावरून जाल, ३२० रुपये त्याच्या खात्यातून जातील आणि तो रात्री फोन करेल.

टवाळ
हा अनुभवाचा बोल वाटतो.

वसुली_भाई
माझाच फोन होता.

कोल्हापुरी_रस्सा
आमच्याकडून एक सावधगिरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. चिपळूणलाही २०२१ मध्ये तेच. त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून लांबच्या गावात विकल्या गेल्या. आमच्या मावसभावाला पुण्यातल्याच एका डीलरने अशी गाडी चिकटवली. वरून चकाचक, नवीन सीट कव्हर, लिंबाचा वास. पहिल्या पावसात काचा आपोआप खालीवर व्हायला लागल्या, मग एबीएसचा दिवा, मग सेंट्रल लॉक. वायरमन म्हणाला सगळं वायरिंग आतून हिरवं पडलंय.

बघायचं कसं ते सांगतो. सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढून काढा. बाहेर असलेला पट्टा धुतात, पण रिळात गुंडाळलेला शेवटचा वीतभर भाग कोणी धूत नाही. तिथे चिखलाची आडवी रेघ किंवा मळकट रंग दिसला की नमस्कार करून निघायचं. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळांवर गंज बघा. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खाचेत हात फिरवा, बारीक रेती लागते का.

गॅरेजवाला
रस्साभाऊंना अनुमोदन. सिंहगड रोडवर राहता म्हणजे २०२४ च्या जुलैत एकतानगरीत काय झालं ते तुम्ही बघितलंच असेल. पुराची गाडी कोल्हापूरचीच असेल असं नाही.

माझ्याकडची थोडी भर. गाडी बघायला जाण्याआधी फोन करून सांगा, चालू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड असताना ती काय आवाज करते ते तुम्हाला कळू नये अशी कोणाची तरी इच्छा आहे. थंड इंजिन पहिल्या झटक्याला लागलं पाहिजे, मागून निळा धूर येता कामा नये. निळा म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत थोडी पांढरी वाफ येते, तिला घाबरू नका.

क्लच: मोकळ्या सपाट जागेत, पुढे कोणी उभं नाही बघून, हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. गाडी बंद पडली तर क्लच पकडतोय. इंजिन नुसतंच घरघरत राहिलं तर प्लेट गेली, तेवढे पैसे भावातून कमी करा. हिंजवडी-वाकडच्या गाडीत हे आधी बघायचं.

बोनेटचे आणि दाराच्या बिजागरीचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर अखंड रंग असतो. पान्याने खोलला की कडा खरवडतात, मग वरून कितीही रंग मारा. बंपर बदललेला असला तर काही नाही, पुण्यात बंपर बदलतातच. आतला रेडिएटर सपोर्ट (रेडिएटर धरून ठेवणारी पुढची पट्टी) वेल्डिंग केलेला दिसला तर गाडी पुढून चांगलीच लागलेली आहे.

टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर ३० हजार, आणि चारही टायर २०२४ चे असतील तर मीटरवर विश्वास ठेवू नका, अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुन्या सर्व्हिसची नोंद मागा.

लीड्सवासी
मीटरच्या बाबतीत इकडे इंग्लंडमध्ये बरं आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी चाचणी, आणि तिचा निकाल मैलांसकट सरकारी साइटवर फुकट दिसतो. विकणाऱ्याने मीटर मागे फिरवलं तर दोन वर्षांची नोंद शेजारी ठेवली की चोरी उघडी. मी त्यावरच जुनी आय१० घेतली. मोटरवेवर सत्तर मैलांना आवाज करते बिचारी, पण जाते.

चहाबाज
सत्तर मैल म्हणजे ११२ किलोमीटर. आपल्याकडे त्याला चलन म्हणतात.

सीएनजीवाला
सीएनजीचा विचार का नाही? वॅगन आर सीएनजी घ्या, हिंजवडी जवळपास फुकटात होईल.

घाटमाथा
डिकी गेली, आईबाबांच्या बॅगा कुठे ठेवायच्या? बोरघाटात दम लागतो. आणि रविवारी संध्याकाळी पंपावरची रांग बघितली आहे का? दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्टही (दाबाची तपासणी) आहे, जुनी घेताना तिचं सर्टिफिकेट कोणी विचारत नाही.

सीएनजीवाला
रांगेत उभं राहून मी दोन कादंबऱ्या वाचल्या, तोही फायदा धरा.

निवांत_प्रवासी
ई२० पेट्रोलचं (वीस टक्के इथेनॉलवाल्या) काय? एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या बहुतेक त्यासाठी बनलेल्या नाहीत असं म्हणतात. मग २०१९-२० ची घ्यावी की नाही?

गॅरेजवाला
या प्रश्नावर वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील. थोडक्यात: मायलेज थोडं कमी होतं, ते सरकारही मान्य करतं. जुन्या गाड्यांमधले रबरी पाइप आणि सील यांच्यावर लक्ष ठेवा, महिनोन्महिने गाडी उभी ठेवू नका. चार लाखांत २०२३ नंतरची मोठी गाडी मिळणार नाहीये, त्यामुळे या कारणाने अडून बसू नका.

जॅझवाली
कोणी होंडाचं नाव घेतलं नाही? ब्रिओचं १.२ आय-व्हीटेक इंजिन एक्सप्रेसवेवर काय पळतं! बंद झालेली गाडी म्हणून स्वस्त मिळते, इंजिन अमेझमध्येही होतं त्यामुळे इंजिनाचे पार्ट मिळतात. डिकी मात्र हातरुमालाएवढी. जुनी जॅझ मिळाली तर मागची जागा बघा, आजोबा पाय पसरून झोपतील.

पोलोप्रेमी
फिगोही आहे यादीत घालायला. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद केलं म्हणून भाव पडले, पण वळणावर अशी चिकटून चालणारी छोटी गाडी कमी.

आकडेमोड
घरातली पहिलीच गाडी घेणाऱ्याला बंद झालेल्या गाड्या सुचवू नका हो. त्याला साधा हेडलाइट हवा असेल तरी चार दुकानं फिरायला लागतील. हौस म्हणून ठीक, रोजच्या हिंजवडीला नको.

अवखळ
धागा भरकटलाय. मूळ प्रश्न होता शहर की एक्सप्रेसवे. माझं उत्तर: शहरात गाडी थोडी जड लागली तर वैताग येतो, एक्सप्रेसवेवर हलकी लागली तर भीती वाटते. वैताग सहन होतो. त्यामुळे एक्सप्रेसवे धरून निवडा. टियागोचं तीन सिलिंडर सिग्नलला थरथरतं, पण शंभरला रस्ता धरून बसते. सीट स्विफ्टपेक्षा थोडी बरी वाटली मला चढायला, वॅगन आरएवढी सोपी नाही. बाबांना घेऊन जा आणि बसवून बघा.

चहाबाज
रोज तीन तास वैताग आणि महिन्यातून दोनदा भीती, हिशेब नीट मांडा. तरी १.२ वॅगन आर वरचा व्हेरिएंट आणि चौदा इंची टायर असतील तर मला पटेल. तेरा इंची टायरवर एक्सप्रेसवेला मीही जाणार नाही.

घाटमाथा
हे आधीच म्हणाला असतात तर एवढं भांडलोच नसतो.

सिंहगडरोडकर
उशिरा लिहितोय, माफ करा. मागच्या आठवड्यात बाबांना पुण्याला बोलावून घेतलं आणि गाड्या दाखवल्या. वॅगन आरमध्ये ते लगेच खूश. पण मिळालेल्या १.२ ला मालक तिसरा आणि रेडिएटर सपोर्ट वेल्डिंगचा (गॅरेजवाला, तुमच्यामुळे कळलं, डीलरला वाटलं मी मेकॅनिक आहे). स्विफ्टमध्ये बाबा बसले, पण उतरताना दार धरून उभे राहिले, तिथेच कळलं.

आता चिंचवडला एक टियागो आहे, एमएच-१४, वरचा एक्सझेड व्हेरिएंट, २०१९ च्या शेवटची, पहिलाच मालक, दोन एअरबॅग, एबीएस. मीटर ४६ हजार, सर्व्हिसच्या नोंदींशी जुळतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, स्वच्छ. टायर दोन जुने, दोन नवीन. तो ४ लाख १५ म्हणतोय, मी ३ लाख ८० म्हणालोय. बाबा म्हणाले, बसता येतं, उतरताही येतं.

अडचण एकच. ॲपवर बँकेचा बोजा अजून दिसतो. मालक म्हणतो कर्ज केव्हाच फिटलंय, एवढंच की कागद करायचे राहिले. आणि आजच पन्नास हजार टोकन दे म्हणतो, दुसरा गिऱ्हाईक आहे म्हणे.

कागदपत्रे
दुसरा गिऱ्हाईक प्रत्येक गाडीला असतो. टोकन देऊ नका. बँकेची एनओसी आणि बँकेचा सही-शिक्का असलेला, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ त्याच्या हातात आला पाहिजे, आरसीवरून बोजा उतरला पाहिजे, मग पैसे. माणूस खरा असेल तर बँकेत तुमच्याबरोबर येईल. एनओसीवरची तारीख बघा, ती जुनी असेल तर नवीन काढायला लावा. आणि पैसे बँकेतूनच द्या, रोख नाही.

वसुली_भाई
+१. आणि चलन?

सिंहगडरोडकर
दोन निघाली, दोन्ही एक्सप्रेसवेची, वेगाची. ती भरायला तो तयार आहे. बँकेत सोमवारी दोघं जातोय, मी सुट्टी टाकलीये. गॅरेजवाला, त्याआधी गाडी बघायला चिंचवडला येता का? तुमची जी फी असेल ती.

गॅरेजवाला
शनिवारी सकाळी आठला येतो. त्याला सांगा, मी येईपर्यंत चावी लावायची नाही.